सातबारा पोराच्या नावावर करायच्या आधी हा व्हिडिओ पाहा

राम राम मंडळी. आजचा विषय म्हाताऱ्या माणसांचा आहे, पण 'आईवडिलांची सेवा करा' असं प्रवचन मी देणार नाही. ते सप्त्यात ऐकतोच आपण. आज बोलायचं आहे कागदाबद्दल.

मे महिन्यात, पेरणीच्या आधी, कुठल्याही तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिससमोर तासभर उभे राहा. अर्जनवीसाच्या टेबलाशी एखादा बुढा बसलेला दिसंल. खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत आधार कार्ड अन् दोन फोटो. पोरगा कागद पुढं सरकवतो. "बाबा, इथं आंगठा द्या." बुढा विचारते, "काय लिवलं आहे ह्याच्यात?" "तेच, घरी सांगतलं होतं ते." झालं! आंगठा उमटतो, बुढा शाई डोक्याच्या केसांत पुसतो, बाहेर येऊन चहा पितो. तीस वर्षं ज्या वावरात पराटी लावली, ते त्या चहाआधीच दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असते.

आता लगेच पोराला व्हिलन करू नका. त्याला पीककर्ज पाहिजे, विमा पाहिजे, अन् बँक सातबारा कोणाच्या नावावर आहे ते पाहते. बापाचं वय झालं, त्यालाही वाटते की आपल्या डोळ्यासमोर वाटणी झालेली बरी. हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. गडबड होते ती दोन-चार वर्षांनी. सोयाबीन पिवळं पडलं, कर्ज थकलं, घरात कुरबुर सुरू झाली की सगळ्यात आधी कोणाचा खर्च कमी होते? बुढीच्या बीपीच्या गोळीचा. अन् पीएम किसानचा जो हप्ता बापाच्या खात्यात यायचा, तो जमीन त्याच्या नावावरून गेल्यावर बंद होते, हे आंगठा देताना त्याला कोणी सांगतलेलंच नसते.

आपल्याकडं म्हाताऱ्यांच्या पाया पडायची कमी नाही राजेहो. लग्नात पहिला मान त्यांचा, पोळ्याला बैल आधी त्यांच्यापुढं उभा. पण डोळ्याचं ऑपरेशन कधी करायचं, वावर ठेक्यानं द्यायचं की नाही, म्हशी विकायच्या का, हे ठरवताना त्यांना विचारतं कोण? माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. मान द्या, पण त्यांचा शब्दही मोजा. अन् तो शब्द मोजला जावा म्हणून कायद्यात सोय आहे, ती वापरा.

कायदा आहे २००७ चा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम. स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर ज्याचं भागत नाही असा साठ वर्षांवरचा कोणीही, अन् आईवडील असतील तर वय साठच्या खाली असलं तरी, मुलाकडं, मुलीकडं, सज्ञान नातवा-नातीकडं चरितार्थ मागू शकतात. चरितार्थ म्हणजे जेवण, कपडा, राहायला जागा अन् दवापाणी. पोटी मूलबाळ नाही, पण पुतण्या वावर वाहतो आहे किंवा पुढं त्यालाच ते मिळणार आहे? मग तो पुतण्याही ह्यात येते. आपल्या भागात अशी घरं भरपूर आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अर्ज कुठं करायचा? उपविभागीय अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपण ज्याला एसडीओ साहेब म्हणतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, पुसद, केळापूर, अमरावतीत अचलपूर, मोर्शी, अशी त्यांची कार्यालयं आहेत. ह्या कायद्याखाली तिथं न्यायाधिकरण बसते. वकील लागत नाही. अर्ज स्वतः करता येते, दुसऱ्या कोणाला अधिकार देऊन करता येते. समोरच्याला नोटीस गेल्यापासून नव्वद दिवसांत चरितार्थाचा निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो, फारच अडचण असली तर आणखी तीस दिवस. आधी समेट करून पाहायचीही सोय आहे. महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये मंजूर होऊ शकतात. हा आकडा २००७ चा आहे अन् अजून तोच आहे, तेव्हाच्या तुरीच्या डाळीचा भाव आठवून पाहा.

आता कलम २३. हे नीट ऐका, व्हिडिओ थांबवून मागं घेऊन ऐका.

समजा बापानं बक्षीसपत्र करून घर किंवा वावर पोराला दिलं, अन् त्यात अट आहे की पोरगा त्याला सांभाळील. पोरानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र फसवून किंवा दबावानं घेतलं असं धरून न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. जमीन परत. मोठी ताकद आहे ही. पण सगळा खेळ त्या अटीवर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगतलं की सांभाळण्याची अट घातलेलीच नसंल तर कलम २३ लागू होत नाही. नुसतं प्रेमानं दिलं म्हणजे अट आपोआप आली असं धरता येत नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं मुलाच्या नावचं बक्षीसपत्र रद्द केलं अन् ताबा आईला परत द्यायला लावला. तिथं मुलानं सांभाळायचं वेगळं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तो त्याच नजरेनं वाचायचा, असं न्यायालय म्हणालं.

म्हणून अर्जनवीसाला सांगा, मजकुरात एवढं घाल:

(स्क्रीनवर) "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांस हयातभर राहण्यास जागा, अन्न, वस्त्र व औषधोपचार पुरवावेत. न पुरविल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा लिहून देणार यांस हक्क राहील."

दोन ओळी आहेत. अर्जनवीस म्हणंल, "कायले पाह्यजे हे, घरचाच तर माणूस आहे." घरचाच आहे ना, मग त्याला लिहून द्यायला काय हरकत?

माझं स्वतःचं मत विचाराल तर बक्षीसपत्राची घाईच करू नका. मृत्युपत्र करा, आपल्या हिश्श्यापुरतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ते लागू होते आपण गेल्यावर. तोवर सातबारा आपला, अन् मन बदललं तर मृत्युपत्रही बदलता येते. घरात कागदाचा मालक बसलेला असला की चहाही वेळेवर येते, हे कडू आहे पण खरं आहे.

बायांचं तर आणखीच वेगळं. नवरा गेला की तेराव्यानंतर पटवाऱ्याकडं वारसाची नोंद होते. त्यात विधवेचं नाव कायद्यानं लागतेच. अन् मग काही महिन्यांत कोणीतरी म्हणते, "माय, तुले काय करायचं आहे वावराचं, हक्कसोड करून दे." भावाच्या बाजूनं बहिणींनी अन् पोरांच्या बाजूनं मायनं आंगठा द्यायचा, ही रीतच पडून गेली आहे. तिनं तो हिस्सा ठेवला तर ती भांडकुदळ ठरते! मी म्हणतो, ठेवा. वावर पोरंच वाहू देत, पण नाव राहू द्या.

आता तुम्ही म्हणाल, हे तर घरगुती भांडण झालं, ह्याचा जगाशी काय संबंध? संबंध आहे. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्याच्या दुसऱ्या कलमात वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म अशा कशावरूनही भेदभाव करायचा नाही असं लिहिलं आहे. त्या यादीत वय हा शब्द नाही. पुढं बायांसाठी १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, लेकरांसाठी १९८९ मध्ये, दिव्यांगांसाठी २००६ मध्ये. म्हाताऱ्यांसाठी? आजपर्यंत असा जागतिक करार नाही. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस १९९० मध्ये ठरला. १९९१ मध्ये अठरा तत्त्वं मंजूर झाली, त्यातलं एक असं की आपली काळजी कशी घेतली जावी अन् आपण कसं जगावं हे ठरवायचा हक्क म्हाताऱ्या माणसाचा स्वतःचा आहे. पण ती तत्त्वंच. देशांवर बंधन नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून ह्यावर एक कार्यगट नुसता चर्चा करत होता. शेवटी ३ एप्रिल २०२५ ला जिनिव्हात मानवी हक्क परिषदेनं ठराव केला की बंधनकारक कराराचा मसुदा लिहायला घ्यायचा. अमेरिका खंडातल्या देशांनी आपला करार २०१५ मध्येच केला होता, अन् आफ्रिकेचा २०२४ मध्ये लागू झाला. म्हणजे ह्या बाबतीत आफ्रिका आपल्या पुढं आहे.

जिनिव्हात कागद झाला म्हणून उद्या आर्णीत काही बदलणार नाही, हे मलाही समजते. पण देशानं करार मंजूर केला की सरकारला दर काही वर्षांनी हिशोब द्यावा लागते. अन् हिशोब मागायच्या गोष्टी आपल्याकडं आहेत.

श्रावणबाळ योजना घ्या. पासष्टच्या वर वय, अन् कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजाराच्या आत. म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाही. अख्ख्या घराचं! खरं उत्पन्न सांगणारा ह्यात बसूच शकत नाही, मग सगळा गाव मिळून खोटं बोलतो. मिळतात किती, तर महिन्याला पंधराशे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा आहे दोनशे रुपये, अन् तो पंधरा वर्षांहून जास्त काळ हललेला नाही.

अन् ते पैसे काढायचे कसे? गावातल्या बँकेच्या सेवा केंद्रावर मशीनवर आंगठा ठेवायचा. जन्मभर कापूस वेचलेल्या बोटांच्या रेषा गेलेल्या असतात. बुढी पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, लाल लाइट. दुसरं बोट, लाल लाइट. "उद्या या आजी." गंमत पाहा, रजिस्ट्रीच्या दिवशी त्याच आंगठ्याला दहा जण धरून शाई लावतात. सत्तरीच्या वरच्या खातेदाराला बँकेनं घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगतलं आहे. हे बँकेत जाऊन म्हणा, लेखी द्या अन् पोच घ्या.

एक गोष्ट मात्र चांगली झाली, ती सांगतलीच पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट. पोराच्या मोटरसायकलची वाट न पाहता बुढी एकटी तहसीलला जाऊ शकते. ह्या एका सवलतीनं जेवढी मोकळीक दिली तेवढी दहा भाषणांनी दिली नसती. गावात बस येते का, तो वेगळा व्हिडिओ.

सुनेबद्दल एक बोलतो, नाहीतर कमेंटमध्ये बायाच मला धरतील. सांभाळा सांभाळा म्हणतात सगळे, पण अंथरुणावरच्या सासऱ्याचं करते सून. ती सकाळी निंदणाला जाते, दुपारी येऊन त्याचे कपडे बदलते. त्या कामाची मजुरी नाही, सुट्टी नाही. म्हाताऱ्यांचे हक्क सुनेच्या पाठीवर उभे करायचे असतील तर ते टिकणार नाहीत. गावपातळीवर नर्स पाहिजे, घरी येणारी, अन् ही मागणी ग्रामसभेत लेखी झाली पाहिजे.

आता मागच्या वेळी सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: "दादा, मायनं आंगठा देऊन टाकला, अट काहीच लिहिलेली नाही, आता काय?" जमीन परत मिळणं अवघड आहे, खोटी आशा देत नाही. पण चरितार्थाचा हक्क जमिनीवर अवलंबून नाही. वावर देऊन टाकलेलं असलं तरी मायला तो अर्ज करता येते. आधार कार्ड, वयाचा पुरावा, ज्यांच्याकडून मागायचं त्यांची नावं-पत्ते अन् साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज. बक्षीसपत्राची नक्कल नसंल तर दुय्यम निबंधकाकडून, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसातून, काढून घ्या, कधी कधी वाचल्यावर समजते की अट लिहिलेली होती, कोणी सांगतलीच नव्हती. मायला पोराविरुद्ध जायचं नसंल, अन् बहुतेकींना नसतेच, तर आधी १४५६७ ला फोन लावा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, सकाळी आठ ते रात्री आठ. फोन तुम्ही लावा, पण बोलू मायला द्या.