छेद म्हणजेच डिनॉमिनेटर

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात डिचोलीकडे पाचवीला गणित शिकवताना दरवर्षी एक तरी मूल असं भेटतं. चौथीपर्यंत मराठी शाळेत पहिल्या बाकावरचं, आणि आता फळ्याकडे बघत गप्प. यंदा एका मुलीला तीन छेद चार अधिक दोन छेद चार घातलं. बराच वेळ पेन्सिल चावून झाल्यावर ती म्हणाली, "सर, डिनॉमिनेटर म्हणजे?"

"अगो बाय, छेद!"

"एवढंच?" म्हणाली आणि पाच छेद चार लिहून मोकळी झाली.

आपल्याकडे प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोंकणी, आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी. पोर अडतं ते शब्दाला, आणि आपण म्हणतो, गणित कच्चं. इंटरनेटचा पहिला उपयोग मला इथे दिसतो. बालभारतीची मराठी गणिताची पुस्तकं नेटवरून फुकट उतरवून घेता येतात. लसाविचा धडा आधी तिथे वाचावा, मग आपलं इंग्रजी पुस्तक उघडावं. वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांच्या जोड्या लिहीत जाव्यात.

व्हिडिओंचे ढीग आहेत, त्यांबद्दल मी फार बोलत नाही. बघताना सगळं कळतं, बंद केल्यावर वही कोरीच.

त्यापेक्षा जिओजेब्रा बघा, भूमितीच्या आकृत्या काढून हलवून बघायचं ॲप. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात शिकताना २००१ साली त्याची सुरुवात केली. रेडिओवर आकृती दाखवता येत नाही, म्हणून डोळे मिटा. गाडी चालवत असाल तर नको! एक वर्तुळ, त्याचा आडवा व्यास. व्यासाची दोन टोकं वर्तुळावरच्या तिसऱ्या बिंदूला जोडली. आता तो तिसरा बिंदू बोटाने वर्तुळावरून फिरवा. त्रिकोण कधी बुटका होतो, कधी उंच, पण त्या बिंदूपाशी कोन नव्वदचा नव्वदच. फळ्यावर मी असे चार त्रिकोण काढीपर्यंत तास संपतो. अर्थात असं का होतं, ते वहीत सिद्ध करावंच लागतं.

सत्तरी तालुक्यात काही वाड्यांवर रेंजसाठी अजून टेकडी चढावी लागते, हे मला ठाऊक आहे. वाळपईच्या बाजारात आलात की हे ॲप उतरवून घ्या, मग घरी नेट नसलं तरी चालतं.

परवा त्याच मुलीने बिंदू ओढत ओढत वर्तुळाच्या आत आणला आणि विचारलं, "सर, आता कोन वाढणार की कमी होणार?" मी सांगितलं नाही. तुम्हालाही सांगत नाही. आधी वहीत अंदाज लिहा, मग ओढून बघा.