मूठभर मातीची परीक्षा

मंडळी, उन्हाळा सरला, पानं पिवळी पडली आणि शरद आला, हे चित्र थंड देशांचं. आपल्या साताऱ्यात उन्हाळा आणि शरद यांच्या मध्ये अख्खा पावसाळा येतो, आणि पानगळ तर शिशिरातली. मग परसात शरद आल्याचं कळतं कशावरून? मे महिन्यात ओंजळी भरून देणारा मोगरा नुसता पाल्यावर येतो, दोडक्याच्या पानांवर भुरी रोगाची पांढरी राख बसते आणि पहाटे अंगणात प्राजक्ताचा सडा पडतो. तो सडा दिसला की आपल्याला खुरपं हातात घ्यायची घाई होते. त्या घाईबद्दलच मला आज बोलायचंय.

एका सप्टेंबरात चार दिवस उघडीप मिळाली आणि मी वाफे खणून काढले. आमची माती काळी, चिकट. ओली असताना खणल्यामुळे ती मळलेल्या कणकेसारखी दबली, आतली हवेची पोकळी गेली, आणि ऊन पडल्यावर अशी ढेकळं झाली की कुदळीनं फुटेनात. पेरलेले धने त्यात उगवलेच नाहीत. चूक माझीच, शेजारच्या मावशी 'वाफसा येऊ दे गं' म्हणून सांगत होत्या.

वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही खेळतेय, अशी अवस्था. ओळखायला यंत्र लागत नाही. चार बोटं खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून विखुरला तर खणा. चपटा होऊन तसाच बसला तर थांबा. हस्त नक्षत्राचा, म्हणजे आपल्या हत्तीचा पाऊस सप्टेंबरअखेर सुरू होतो, तो हत्ती कोसळला की पुन्हा चिखल. तेवढ्यात रोपं करून घ्यावीत: कोबी, फ्लॉवर, टोमॅटो ट्रेमध्ये आडोशाला पेरले तर साधारण महिन्याभरात लावण्याजोगे होतात.

मग येते ऑक्टोबरची तलखी. आत्ताच तर पाऊस गेला, पाणी कशाला, असं वाटतं. पण गच्चीवरच्या कुंड्या दोन दिवसांत कोरड्या पडतात. शिवाय पावसानं कुंडीतलं नत्र धुऊन नेलेलं असतं, म्हणून पानं फिकट दिसतात. त्यांना औषध मारू नका, मूठभर गांडूळखत द्या. मेथी या उन्हातही उगवते. पालकाच्या, कोथिंबिरीच्या वाफ्यावर जुनी साडी ताणून दुपारची सावली करावी. धने रगडून दोन फाकी करायला मात्र विसरू नये. पाऊस थांबल्यावर गुलाब छाटला की दीड-पावणेदोन महिन्यांनी फुलं हाती येतात.

आणि शेवंती! तिला कळी धरायला लांब रात्र लागते. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात, पुढं रात्र वाढत जाते आणि ही आतून तयारीला लागते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर तिच्यावर पडत असेल तर ती नुसती पालवत राहते. अशी कुंडी तुमच्याकडं असेल तर आजच अंधारात हलवा, फार वाट बघत असते हो ती.

आता घटस्थापना जवळ आलीय. घटासाठी शेतातली माती आणाल, तेव्हा परडीत पसरण्याआधी एक मूठ दाबून सोडून बघा.