युद्धाच्या रात्री बातमी कोण सांगतं?

(सीमाभागातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो दिल्लीतल्या स्टुडिओंचा वाटेल, पण तो आपल्या दाराशी येऊन उभा असतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. खानापूर, चंदगड, हुक्केरी, निपाणी, कुठल्याही बाजूला जा, फौजेत माणूस असलेलं घर सापडतंच. युद्ध सुरू झालं की बाकीचा देश टीव्ही बघतो. ही घरंही टीव्ही बघतात, पण त्यांच्या घरातला माणूस त्या बातमीत असतो. म्हणून खोट्या बातमीचा हिशेब मी या घरांच्या बाजूने मांडणार आहे.

८ मे २०२५ ची रात्र आठवा. ‘ऑपरेशन सिंदूर’ आदल्या दिवशी पहाटे सुरू झालं होतं. त्या रात्री अनेक मोठ्या वाहिन्यांनी सांगितलं की कराची बंदर उद्ध्वस्त झालं, इस्लामाबाद पडलं, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक झाली. मागे सायरन वाजत होता. माणसं रात्रभर जागी राहिली, फोनवरून एकमेकांना कळवत राहिली. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी पत्रकार परिषद घेतली. त्यांनी काय सांगितलं? पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले, आपण त्यांना कसं तोंड दिलं. कराची पडल्याचं त्यात अवाक्षर नव्हतं. ११ मे रोजी नौदलाने सांगितलं की कराचीसह निवडक ठिकाणांवर, आपण ठरवू त्या वेळी मारा करण्याची आमची पूर्ण तयारी होती. तयारी होती, याचा अर्थ मारा झालेला नव्हता.

आता इथे थोडं थांबू. ‘सरकारने खोटं सांगितलं’ असं या रात्रीबद्दल म्हणता येत नाही. गणवेशातले अधिकारी मोजून-मापून बोलत होते. पण पडद्यावर कराची पाडणाऱ्या वाहिन्यांना त्याच रात्री कोणी थांबवलं का? ८ मे रोजीच ‘एक्स’ कंपनीने जाहीर केलं की भारतात आठ हजारांहून जास्त खाती बंद करण्याचे आदेश सरकारकडून आले आहेत. म्हणजे थांबवण्याची ताकद होती, ती वापरलीही जात होती. सायरनचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, ही सूचना वाहिन्यांना १० मेला गेली. कुठलं खोटं रोखायचं आणि कुठलं चालू द्यायचं, या निवडीतून लोकमत घडवलं जातं. मला हे उघड खोटं बोलण्यापेक्षा जास्त घातक वाटतं, कारण त्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर लागत नाही.

हे आजचं नाही. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये हिंदी सैनिकांची पत्रं तपासायला खास अधिकारी नेमला गेला. शिपाई घरी काय लिहितो ते उघडून वाचलं जायचं, भाषांतर करून वर पाठवलं जायचं. शिपायांना ते ठाऊक झालं होतं. मग कोणी लिहायचं, काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी वापरायला काढली आहे. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरी म्हणजे गोरे. आपली माणसं मरताहेत आणि यापुढे भरतीला येऊ नका, एवढी साधी गोष्ट आईबापाला कळवायला त्या माणसाला मिरीचा आधार घ्यावा लागला! मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराला पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली आणि त्यातली कित्येक कैदेत मेली. त्यांच्या घरी काय कळलं असेल, किती उशिरा कळलं असेल, याचा विचार आला की मला स्वस्थ बसवत नाही.

त्याच युद्धातली आणखी एक गोष्ट. एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापलं की जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेतं कारखान्यात नेऊन त्यांची चरबी काढतात. जगभर संताप उसळला. १९२५ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत मान्य केलं की या गोष्टीला आधार नव्हता. तुम्ही म्हणाल, युद्ध जिंकलं, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते वीस-पंचवीस वर्षांनी. हिटलरच्या छावण्यांत ज्यू लोकांना मारलं जात असल्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा अनेक जबाबदार माणसांनाही ती जुनी चरबीची गोष्ट आठवली आणि त्यांनी अविश्वासाने मान हलवली. एकदा फसलेल्या माणसांनी दुसऱ्यांदा खऱ्यालाही खोटं मानलं. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा पहिल्या लबाडीशी काडीचाही संबंध नव्हता.

यापुढचं उदाहरण मला सविस्तर सांगायचं आहे, कारण त्यात सगळी यंत्रणा उघडी दिसते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं. अमेरिकेत लोकांना युद्धात उतरायची फारशी इच्छा नव्हती. १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये काही खासदारांच्या मानवी हक्क गटापुढे पंधरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. नाव सांगितलं फक्त ‘नायिरा’. आडनाव घरच्यांच्या सुरक्षेसाठी लपवलंय, असं सांगण्यात आलं. ती रडत रडत म्हणाली की इराकी सैनिक इस्पितळात घुसले, काचेच्या पेट्यांतली बाळं बाहेर काढली आणि थंड फरशीवर मरायला टाकून पेट्या घेऊन गेले. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशी साक्ष. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती पुन्हा पुन्हा सांगितली. सिनेटच्या चर्चेत सदस्यांनी तिचा दाखला दिला. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने युद्धाला मंजुरी दिली, ५२ विरुद्ध ४७. पाच मतांचा फरक!

वर्षभराने, जानेवारी १९९२ मध्ये, उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती. साक्षीची तयारी ‘हिल अँड नोल्टन’ या जनसंपर्क कंपनीने करवून घेतली होती आणि या मोहिमेसाठी कंपनीला एक कोटी डॉलरहून जास्त पैसे मिळाले होते. नंतर शोध घेणाऱ्यांना त्या पेट्यांच्या गोष्टीला पुरावा सापडला नाही. इराकी सैन्याने कुवेतमध्ये अत्याचार केलेच नाहीत, असं मी म्हणत नाही. केले, आणि भरपूर केले. पण खरे अत्याचार पुरेसे परिणामकारक वाटले नाहीत म्हणून बाळांची गोष्ट रचली गेली. बाळ आणि आई यांची नावं पुढे केली की माणूस पुरावा मागायला संकोचतो, हे त्या कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

२००३ चं इराक तुम्हाला माहीत आहे. ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावाने अमेरिकेने युद्ध केलं ती सापडली नाहीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना वाटत होतं की अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात इराकच्या सद्दाम हुसेनचा हात असणं शक्य आहे. तसं सिद्ध कधीच झालं नव्हतं. दोन नावं एका वाक्यात, पुन्हा पुन्हा, वर्षभर घेत राहायची, एवढंच पुरलं.

आपल्याकडे परत येतो. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. सहा हवाई सैनिक आणि एक नागरिक गेला. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं ते त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये. हवाई दलाने मान्य केलं, याचा मला आदर आहे. चौकशीला वेळ लागतो हेही खरं. पण मधल्या काळात लोकसभेची अख्खी निवडणूक पार पडली. शौर्याच्या नावाने मतं मागून झाली, आणि ती सात घरं उत्तराची वाट बघत राहिली.

सीमाभागातल्या माणसाला एक गोष्ट बाहेरच्या कोणी शिकवायची गरज नाही. आपण मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच बेळगाव तालुक्यात बसमध्ये तिकिटावरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली. कन्नड वाहिन्यांवर तो भाषेसाठी झालेला हल्ला होता, मराठीत ते तिकिटाच्या भांडणाला दिलेलं भाषिक वळण होतं. चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीला काळं फासलं गेलं, दोन राज्यांतल्या बस थांबल्या. त्या दिवसांत आपण काय केलं? त्या भागातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, ‘नक्की काय झालं रे?’ म्हणून विचारलं. दोन्हीकडची बातमी ताडून बघितली. हीच माणसं, मी स्वतः त्यात आलो, पाकिस्तानची बातमी आली की एकाच वाहिनीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. का? तर तिथे ओळखीचा माणूस नसतो. आणि दुसरी भीती असते, विचारलं तर देशद्रोही ठरू.

पण बघा, प्रश्न न विचारल्याने कोण भरडलं जातं. ७ मे रोजी पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी मदरशातला एक शिक्षक मेला. शत्रूच्या गोळ्याने मेलेला भारतीय नागरिक. आपल्या काही वाहिन्यांनी त्याचा फोटो दाखवून तो दहशतवादी असल्याचं सांगितलं. पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला. घरातला कर्ता गेलाय, आणि देशभर त्याची बदनामी होत्येय! त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण. कर्नल सोफिया कुरेशी यांचं सासर गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरचं. त्यांच्या घरावर हल्ला झाला, अशी पोस्ट ‘एक्स’वर फिरली. असं काही घडलंच नव्हतं. जिल्हा पोलीस अधीक्षकांनी ती खोटी असल्याचं तातडीने जाहीर केलं, म्हणून ठिणगी विझली. हल्ल्याची ती पोस्ट आणि कराची पडल्याची बातमी, दोन्हींचे हेतू एकमेकांच्या विरुद्ध. पण दोन्हींचा भरवसा एकाच गोष्टीवर होता: वाचणारा पुढे पाठवेल, विचारणार नाही.

सीमेपलीकडे हेच चालू होतं. पाकिस्तानच्या संरक्षणमंत्र्यांना विमानं पाडल्याचा पुरावा मागितला तर ते म्हणाले, समाजमाध्यमांवर सगळं आहे. त्यांचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी संसदेत एका ब्रिटिश वृत्तपत्राचं पान वाचून दाखवलं, त्यात पाकिस्तानी हवाई दलाची स्तुती होती. ते पान बनावट होतं. ते बनावट असल्याचं दाखवून दिलं पाकिस्तानच्याच ‘डॉन’ या दैनिकाने. युद्धाचं वातावरण असताना आपल्याच मंत्र्याचं खोटं उघड करायला केवढी छाती लागते! आणि आपली काही विमानं सुरुवातीला पडली, हे आपल्या संरक्षण दलप्रमुखांनी ३१ मेला मान्य केलं, तेही सिंगापुरात, परदेशी वृत्तसंस्थेला मुलाखत देताना. ते ऐकून देश कोसळला का? नाही. लोकांनी ते पचवलं. ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना नुकसान म्हणजे काय ते इतरांपेक्षा जास्त कळतं. त्यांना खोट्या विजयाचं औषध पाजण्याची गरज नसते.

आता एक काम सांगतो आणि थांबतो. केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते आणि तिने पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यासाठी कार्यक्रम, तारीख, वेळ आणि दाखवलेलं विधान हातात हवं. ते आपल्याकडे कधीच नसतं, कारण सकाळपर्यंत स्क्रीनवरचं सगळं बदललेलं असतं. म्हणून माझी या वाचनालयाला विनंती आहे की एक नोंदवही सुरू करा. त्यात वाहिनीचं किंवा वृत्तपत्राचं नाव, दिवस, वेळ, केलेला दावा लिहायचा, आणि शेजारी एक रकाना मोकळा सोडायचा. महिन्याने पुढे काय निष्पन्न झालं ते त्यात भरायचं. मराठी, कन्नड, हिंदी, तिन्हींची नोंद घ्यायची. दोन्ही भाषा वाचणारी पाच-सहा कॉलेजची मुलं पुरेत. आणि रविवारी ज्या माजी सैनिकांना सवड असेल त्यांनी त्यांच्यासोबत बसावं, कारण रणगाडा खरा आहे की व्हिडिओ गेममधला, हे आपल्यापेक्षा त्यांना आधी कळतं.