एका फुंकरीत तपासणी

कोविडच्या दिवसांत नाकात खोलवर जाणारी ती काडी ज्यांनी सोसली, त्यांना वेगळं सांगायला नको. डोळ्यांत पाणी यायचं आणि मग अहवालाची वाट बघत घरच्यांपासून लांब बसायचं.

मे 2021. सिंगापूरच्या श्वास-तपासणी यंत्राला तात्पुरती मान्यता मिळाली. मलेशियातून येणाऱ्यांसाठी तुआस नाक्यावर त्याची चाचणी ठरली, नेहमीच्या अँटिजेन टेस्टच्या जोडीने. एकदाच वापरायची नळी तोंडात धरायची. तिच्यात एकाच बाजूला उघडणारी झडप, लाळ अडवायची सोय. जोरात फुंकायचं. मिनिटाभरात उत्तर.

हे यंत्र विषाणू शोधत नाही. आपल्या उच्छ्वासात शेकडो रसायनं असतात, अगदी अत्यल्प प्रमाणात. संसर्ग झाला की पेशींचं कामकाज बिघडतं आणि या रसायनांचं प्रमाणही बदलतं. रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर ते टिपतो. सगळ्यांचं मिळून चित्र बाधित माणसासारखं दिसतं का, हे संगणक ठरवतो.

14 एप्रिल 2022 ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, इन्स्पेक्टआयआर कंपनीच्या यंत्राला आपत्कालीन परवानगी दिली. विमानात सोबत नेतो त्या बॅगेएवढं यंत्र, निकाल तीन मिनिटांच्या आत. 2,409 जणांच्या अभ्यासात बाधितांपैकी 91.2 टक्के सापडले, बाधा नसलेल्यांपैकी 99.3 टक्के बरोबर ओळखले गेले.

आकडे चांगलेच आहेत. पण हिशेब करून बघा. 1000 जणांच्या रांगेत 40 बाधित असतील, तर तीन-चार निसटून आत जातील. आणि उरलेल्या 960 मधले सहा-सात जण विनाकारण अडकतील. शिवाय खाणं, सिगारेट, मधुमेह, सगळ्याचाच ठसा श्वासात उमटतो. म्हणून यंत्राने पॉझिटिव्ह दाखवलं, तरी पीसीआरसारख्या चाचणीने खात्री करायचीच, असं एफडीएने बजावलं. ते योग्यच होतं. हे यंत्र दारावर उभं करायचं, निदानाच्या खुर्चीत बसवायचं नाही.

2023 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरीच वाट धरली: थेट विषाणूच पकडायचा. नळीतून एक-दोनदा फुंकलं की श्वासातले सूक्ष्म थेंब सेन्सरवर बसतात. तिथे लामा या प्राण्यापासून मिळवलेले चिमुकले प्रतिपिंड (अँटिबॉडी) विषाणूच्या काट्यांना धरून ठेवतात, आणि विजेच्या संकेतातला बदल यंत्र वाचतं. निकाल मिनिटाच्या आत. प्रतिपिंड बदलून याच पद्धतीने फ्लू आणि आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणूही ओळखता येतील, असं या गटाचं म्हणणं आहे.