डॅशबोर्डचा केशरी लाईट रात्री डोळ्यात जातो? आधी पार्किंग लाईट लावा, मग नॉबला हात लावा

नमस्कार मंडळी. आज गाडीतच बसून शूट करून राहिले, आमच्या पार्किंगमध्ये, रात्रीचे साडेनऊ झालेत आणि मुद्दाम रात्रीच बसले, काहून ते कळेल पुढे. समृद्धी महामार्गावाला व्हिडिओ टाकला होता ना, त्याच्याखाली अर्ध्या कमेंट एकाच गोष्टीच्या, ताई नवीन गाडी घेतली पण तो वरचा केशरी लाईट डोळ्यात जातो, काय करू. हा पाहा, माझ्याही गाडीत आहे, आरशाजवळ, पॅसेंजर एअरबॅग ऑफ. शेजारच्या सीटवर कोणी नसलं की लागतो.

दिवसा याच्याकडे लक्षही जात नाही. पण रात्री नागपूरजवळच्या शिवमडक्यावरून समृद्धीला लागा, रस्त्यावर खांब नाहीत, काही नाही, वीस-तीस मिनिटांत डोळे अंधाराला नीट सरावतात आणि मग हाच एवढासा लाईट असा टोचतो की मागच्या सीटवरून कोणीतरी टॉर्च मारून राहिलं. वर्धेच्या पुढेपर्यंत मी एक हात कपाळावर धरून गाडी चालवली आहे, सलाम ठोकल्यासारखा. टोलवाला पण पाहून हसला.

बरं, बेसिक पटकन. लाल लाईट म्हणजे आत्ता थांबा, केशरी म्हणजे लवकर लक्ष द्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ. ब्राइटनेसचा नॉब स्टिअरिंगच्या उजव्या हाताला खाली असतो नाहीतर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये असतो, सापडेल.

आता खरी गोष्ट. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात, नव्वद माझ्या मनाचे आहेत, मोजले नाहीत, पण कमेंट वाचून तसंच वाटते. "ताई नॉब फिरवला, काहीच होत नाही." अरे, कधी फिरवला? दुपारी बारा वाजता, शोरूमच्या बाहेर! लाईट लावले होते का? नाही. गाडीला रात्र झाली हे कोण सांगणार? बहुतेक गाड्यांमध्ये पार्किंग लाईट किंवा हेडलाईट लागला की गाडी समजते रात्र झाली, आणि तेव्हा ती रात्रीचा ब्राइटनेस वापरते. दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. तुम्ही लाईट न लावता नॉब फिरवला म्हणजे दिवसाचा कमी केला, किंवा काही गाड्यांमध्ये काहीच केलं नाही. हे पाहा, मी पार्किंग लाईट लावते. लावला. आता नॉब खाली. मीटर उतरला, एसीची बटणं उतरली, आणि वरचा केशरी? थोडा उतरला. काही गाड्यांमध्ये तो पण नीट उतरतो, काहींमध्ये ढिम्म हलत नाही. पण आधी हे करून तर पाहा.

दुसरी बाजू सांगते, कारण एवढं बोलूनही कोणीतरी लिहिणारच की लाईट लावूनही मीटर फुल चमकतो. नॉब शेवटपर्यंत वर नेला का? काही गाड्यांमध्ये एकदम टोकाला नेलं की टिक असा आवाज येतो किंवा बीप होते, आणि रात्रीचं मंद होणंच बंद पडते. ती सोय आहे, दिवसा बोगद्यात किंवा पावसात लाईट लावावे लागले तर मीटर वाचता यावा म्हणून. आपल्याकडे डिलिव्हरी घेताना कोणीतरी हौसेने फुल करून देते, मग वर्षभर रात्रीच्या अंधारात दुपारचा मीटर. एक टिक खाली घ्या, बस.

आणि तिसरी बाजू, ही जरा डेंजर आहे. आमच्या ऑफिसमधला एक जण, बुटीबोरीवरून आम्ही मागेपुढेच निघतो, महिनाभर रडून राहिला की मीटर फार चमकतो. एक दिवस वर्धा रोडवर डबल डेकर पुलाच्या अलीकडे मी त्याच्या मागे, आणि त्याच्या गाडीला मागून एकही लाईट नाही! समोर नुसते डीआरएल चालू, म्हणजे गाडी चालू असली की दिवसा आपोआप लागतात ते समोरचे दिवे. रस्त्यावर खांबांचा उजेड, आतला मीटर आपोआप झगमग, त्यामुळे भाऊला वाटते लाईट चालू आहेत. डीआरएल लागले तरी बऱ्याच गाड्यांमध्ये मागचे दिवे लागत नाहीत. म्हणजे मीटर चमकत होता कारण लाईटच लावले नव्हते. लाईट लावा, मीटर आपोआप उतरते, आणि मागचा ट्रकवाला तुम्हाला पाहू शकतो.

उलटं पण होते. माझ्या मामाचा फोन आला, "अवं, माया गाडीचे लाईट दिवसाच लागून रायले, मीटर दिसून नाही रायला." सर्व्हिस सेंटरवाले पाचशे रुपये घेऊन "सिस्टिम चेक" करून मोकळे झाले. मी जाऊन पाहिलं तर डॅशबोर्डवर काचेजवळ टेकडी गणपतीची मूर्ती, मामाने नवीन गाडीची पूजा तिथेच केली होती, आणि बाप्पा बरोबर उजेडाच्या सेन्सरवर बसलेले. तो छोटा काळा ठिपका असतो ना, तो. गाडीला वाटे कायमची अमावस्या. बाप्पाला चार बोटं सरकवलं, मामी आधी रागावली, मग झालं.

आता ज्यांचा केशरी लाईट नॉबला ऐकतच नाही त्यांच्यासाठी. काळी टेप लावू नका. मी लावली होती, म्हणून सांगते. मे महिना, आपल्याकडचं पंचेचाळीस डिग्री, बंद गाडी उन्हात, संध्याकाळी येऊन पाहते तर टेप खाली घसरलेली आणि डिंक सगळा प्लास्टिकवर, अजून चिकट आहे, हात लावून पाहा. शिवाय लाईट झाकायचा नाहीये, मंद करायचा आहे. समोरच्या सीटवर लहान मुलाची उलट्या तोंडाची सीट लावली तर एअरबॅग बंद आहे का हे हाच लाईट सांगतो. एअरबॅग उघडली तर त्या सीटच्या पाठीवर जोरात आदळते, गंमत नाही.

म्हणून अ‍ॅक्सेसरीवाल्याकडून काचेच्या फिल्मचा उरलेला तुकडा मागा, फुकट देतो. पन्नास टक्केवाली घ्या. लाईटपेक्षा जरा मोठी कापा, साबणाच्या पाण्याचे दोन थेंब, ठेवा, जुन्या एटीएम कार्डाने पाणी काढा. एका थरातून निम्मा उजेड येतो, दोनातून पंचवीस टक्के, तिनातून साडेबारा. आणि एक थर लावून "काही फरक नाही पडला" असं लिहू नका, डोळ्याला निम्मा उजेड निम्मा वाटतच नाही. मला तीन लागले. लावून झाल्यावर भर दुपारी बसून पाहा, अक्षर वाचता आलं पाहिजे. नाही आलं तर एक काढा.

ऑइल, टेंपरेचर, ब्रेक, बॅटरी, चेक इंजिन, यांच्यावर फिल्म नाही. नाही म्हणजे नाही. आणि टायरच्या हवेचा लाईट तर मुळीच नाही. डिसेंबरात सकाळी दहा डिग्री असते, तो लागतो आणि लोक म्हणतात सेन्सर खराब. साधारण पाच-सहा डिग्री उतरली की एक पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचं माप, जातो, तुम्ही भर उन्हात गरम टायरमध्ये हवा भरली होती, थंडीत कमी होणारच. सकाळी थंड टायरमध्ये भरा, लाईट जाईल.

फ्यूज काढू का, असं विचारणाऱ्यांना एकच, त्याच फ्यूजवर अजून काय काय आहे ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा, मग स्वतःच नाही म्हणाल.

एक महाशय लिहितात, "ताई, भाऊजींना विचारून व्हिडिओ बनवत जा." भाऊजी वर आहेत, पोहे करून राहिले. स्टेपनी कुठे असते हे त्यांना मी दाखवलं आहे, दोनदा.

ऐंशीच्या स्पीडची बीप कशी बंद करायची हे पण दहा जणांनी विचारलं. २०१९ च्या जुलैपासून नवीन गाड्यांना ती सक्तीची आहे, ऐंशी ओलांडली की टोकते, एकशेवीसच्या वर गप्पच बसत नाही, आणि समृद्धीवर लिमिट पण एकशेवीसच आहे. तिच्यावर फिल्म लागत नाही. सीटबेल्टची बीप बंद करणाऱ्या त्या क्लिपा पण विचारू नका, २०२३ मध्ये केंद्राने ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या, आणि मी तर लिंक देणारच नाही.

चला, पार्किंग लाईट मघापासून चालूच आहे, इंजिन बंद. बॅटरी बसली तर ही ऑटोमॅटिक आहे, धक्का मारून पण चालू होत नाही, आणि वरून हाक आली.