अंबडच्या पत्र्यापासून १० फेम्टोसेकंदांपर्यंत

हे नाशिकचं अंबड एमआयडीसी. समोर पत्रा कापतंय ते फायबर लेझर, ठिणग्या कशा उडतायत बघा, आणि कापलेली कड लगेच हातात घेऊ नका, चांगलीच गरम असते. इथे बीम सलग चालतो त्यामुळे उष्णता आजूबाजूला पसरतेच. पण हाच प्रकाश इतका थोडा वेळ टाकला की उष्णतेला पसरायला सवडच मिळाली नाही तर?

थोडा म्हणजे किती, तर १०० फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग), तेवढ्यात प्रकाश जेमतेम ३० मायक्रॉन पुढे जातो, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आता ह्याहून आखूड पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणभराचा झोत, हवा असेल तर खरी गंमत सुरू होते, कारण पल्स नुसता दाबून आखूड होत नाही, आधी त्यात रंग वाढवावे लागतात. नाशिक ढोलच्या पथकातला ताशा ऐका, कडक ठोका क्षणात संपतो आणि त्यात बारीक-जाड कितीतरी सूर एकदम असतात, बासरीचा एकच सूर धरायचा तर तो लांबवावा लागतो. प्रकाशाचंही अगदी तसंच.

हे रंग वाढवतं फायबर, म्हणजे काचेचा बारीक तंतू. त्याच्या बारीक कोअरमध्ये, म्हणजे गाभ्यात, प्रकाश कोंडला की त्याच्याच तीव्रतेने काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो, मग पल्सची पुढची बाजू लाल रंगाकडे सरकते, मागची निळ्याकडे. बाहेर पडल्यावर चर्प्ड मिरर नावाचे खास आरसे लागतात, ह्यांचे थर असे रचलेले की लाल भाग खोल जाऊन उशिरा परततो, निळा वरूनच फिरतो आणि त्याला गाठतो, सगळे रंग एकत्र आले की पल्स आखूड.

पण एनर्जी वाढवली की काच टिकत नाही. ह्यावर १९९६ मध्ये इटलीत मिलानच्या निसोली, दे सिल्वेस्त्री आणि स्वेल्तो ह्यांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो, त्यांनी फायबर पोकळच घेतलं आणि आत क्रिप्टॉन गॅस भरला! १४० फेम्टोसेकंदांचा पल्स १० वर आला. गॅसचं प्रेशर बदलून रंग किती पसरवायचे ते ठरवता येतं, काचेत ही सोय कुठली.

अशा आखूड पल्समधूनच पुढे अ‍ॅटोसेकंदांचे (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) एकेकटे पल्स काढता आले, त्या क्षेत्राला २०२३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. लॅबमधली रोजची कसरत मात्र वेगळीच, पोकळ फायबरचं तोंड बऱ्याचदा पाव मिलिमीटरच्या आसपास असतं, बीम जरा हलला की कडाच जळते, म्हणून कॅमेरा आणि मोटरवाले आरसे सतत बीम जागेवर आणत राहतात.