डोळे मिटले की तोल का जातो?

(लातूरमध्ये ज्येष्ठ नागरिकांपुढे एका फिजिओथेरपिस्टने केलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, साबणापासून सुरुवात करते. औसा तालुक्यातले एक आबा गेल्या वर्षी माझ्याकडं आले होते. वय सत्तरीच्या पुढं. तीन महिन्यांत दोनदा पडले, आणि दोन्ही वेळा न्हाणीत. घरच्यांनी दोन्ही वेळा एकच सांगितलं, चक्कर आली. बीपी मोजून झालं, शक्तीचं सलाईन लावून झालं. मी विचारलं, "आबा, पडायच्या आधी नेमकं काय करत होता?" म्हणाले, "काई नाई ताई, तोंडाला साबण लावलता."

तोंडाला साबण लावला म्हणजे डोळे मिटलेले. चक्कर आलीच नव्हती. आबांच्या पायांनी खबर देणं कधीच बंद केलं होतं, त्यांना डोळे सांभाळून नेत होते. त्या दोन मिनिटांपुरते तेही मिटले.

आपण उभे राहतो ते तिघांच्या भरवशावर. एक डोळे, दुसरा कानाच्या आत असलेला तोल सांभाळणारा अवयव, आणि तिसरी तळपायातून, घोट्यातून मेंदूला जाणारी खबर. जमीन उतरती आहे, टाच टेकली, अंगाचा भार पुढं चाललाय, हे सगळं पाय सांगतात. तिघांतला एक रजेवर गेला तर उरलेले दोघं निभावून नेतात. दुसराही गेला की माणूस आडवा. बर्लिनचे डॉक्टर रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकातच हे टिपून ठेवलं. पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे, या साध्या तपासणीला आजही त्यांचंच नाव आहे. पण घरी जाऊन एकट्यानं करून बघू नका बरं का. शेजारी धरायला माणूस हवा.

आता पहिला फटका पायांनाच का? अंगातल्या सगळ्यात लांब नसा, म्हणजे मज्जातंतू, कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. साधारण मीटरभर. जायकवाडीच्या कालव्याचं तुम्हाला ठाऊक आहे. पाणी कमी पडलं की आधी टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटचं, गाव कोरडं राहतं. तसंच हे. बोटांना मुंग्या येतात, मग पाऊल बधिर होतं, मग घोट्यापर्यंत मोजा चढवल्यागत वाटायला लागतं.

याचं सगळ्यात मोठं कारण साखर, म्हणजे मधुमेह. दारूनं होतं, कॅन्सरच्या काही औषधांनी होतं, कुष्ठरोगातही नसा जातात. आणि एक कारण आपल्याकडं हमखास सुटतं, ते बी-12. मटण, मासे, अंडी न खाणारी आणि दूधदुभतंही बेताचंच असणारी माणसं, त्यात वर्षानुवर्षं साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, तर हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं. रक्त तपासून कळतं आणि लवकर सापडलं तर भरूनही काढता येतं. म्हणून हे आधी विचारून घ्या.

गंमत बघा, आग आग होते तोवर माणूस दवाखान्यात येतो. आग थांबली की म्हणतो, बरं झालं. कधीकधी ते बरं झालेलं नसतं, नस आणखी बधिर झालेली असते. न दुखणाऱ्या पायाची मला जास्त भीती वाटते. पायातून चप्पल निसटली आणि चार पावलं गेल्यावर कळलं, गादीवर चालल्यासारखं वाटतं, उंबऱ्याला अंगठा ठेचाळतो, अंधार पडला की भिंत धरावीशी वाटते, यातलं काही होत असेल तर पाय तपासून घ्या. तपासणी साधी असते. दहा ग्रॅम दाबाचा एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात आणि सेकंदाला 128 कंपनं करणारा, चिमट्यासारखा दिसणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का ते विचारतात.

पायांची गेलेली खबर बहुतेक वेळा पुरती परत येत नाही, पण ती दुसऱ्या वाटेनं आणता येते. एक बोट. भिंतीला, कठड्याला, दाराच्या चौकटीला नुसतं टेकवलेलं. भार द्यायचा नाही, फक्त स्पर्श. एवढ्यानंही अंगाचं झुलणं कमी होतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे, कारण हलल्याची खबर आता पायाऐवजी बोट देतं. काठीचंही तेच. काठी भार पेलते तशी जमिनीची बातमीही हातापर्यंत आणते. माणसं म्हणतात, "ताई, काठी घेतली की गाव म्हातारा म्हणतंय." अहो, पडून सहा महिने बाजेवर काढले तर गाव काय म्हणेल? सरळ उभं राहून हात खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी. आणि खाली रबरी टोपण हवंच. शेतातली उघड्या टोकाची काठी ढेकळात चालते, ओल्या शहाबादी फरशीवर तीच आधी घसरते.

फरशीचा विषय निघालाच आहे तर पाण्याचंही बोलू. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते याच शहराला. ते दिवस गेले, पण सवय राहिली. आपल्या घरात बोळात ड्रम, न्हाणीच्या दाराशी घागरी, नळ आला की अंगणातून घरात ओढलेला पाइप. पाणी यायच्या दिवशी घराचं रणांगण होतं आणि त्याच धांदलीत आजी पाइपात पाय अडकून पडते. पाणी साठवू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? एवढंच म्हणते, आजीची खोली ते न्हाणी ही वाट कोरडी आणि मोकळी ठेवा. ड्रम एकाच कडेला लावा. अंघोळ स्टुलावर बसून करा, मग खुशाल डोळे मिटून साबण लावा. धरायला भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेलचा दांडा धरायचा नसतो, तो माणसासकट खाली येतो.

चपलेचं जरा गुंतागुंतीचं आहे. जाड, मऊ, स्पंजची चप्पल पायाला गोड लागते, पण आधीच मंद झालेली खबर ती आणखी दाबते. दुसरीकडं, साखरेमुळं पाय बधिर झाला असेल तर जखम होऊ नये म्हणून आत मऊ अस्तर लागतं. तेव्हा आत मऊ, खाली टणक, मागं टाचेला पट्टा अशी घ्या. बिनपट्ट्याची स्लीपर नको आणि गुळगुळीत फरशीवर नुसते मोजेही नकोत. उन्हाळ्यात देवळात अनवाणी जाताना तापलेल्या दगडांनी तळवे भाजतात, आणि ते घरी आल्यावर कळतं. तुळजापूरला पायऱ्या उतरताना दोन नंबरचा चष्मा असेल तर हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी बघा. खालच्या, वाचायच्या काचेतून ती पुसट दिसते.

रात्रीचं थोडक्यात. लघवीला उठताना आधी बाजेच्या कडेवर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. काहींचा वरचा बीपी उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत 20 किंवा त्याहून जास्त उतरतो. लाइटचा भरवसा नाही, तेव्हा उशाशी बॅटरी. झोपेच्या, नसांच्या दुखण्याच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही तोल जातो. मनानं बंद करू नका, सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता.

आता सुनांना आणि लेकांना एक सांगायचंय. पडलेलं माणूस खोटं बोलतं. "पडलो नाई, बसलो खाली," म्हणतं. कारण खरं सांगितलं की तुम्ही म्हणता, "आबा, आता घरातच बसा." वेळा अमावस्येच्या सणाला सगळं घर शेतात आणि आबा ओसरीवर राखण करायला. बसून बसून मांड्या वाळतात आणि पुढच्या वेळी माणूस हमखास पडतं. तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे 34 टक्क्यांनी कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद सांगते. नुसती सकाळची फेरी त्याला पुरत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात लावून टाचा वर-खाली करा, हात न टेकवता खुर्चीतून उठा-बसा, ओट्याशीच घटकाभर एका पायावर उभे राहा. जवळ माणूस असू द्या. तळव्याला जखम असेल तर आधी ती दाखवा. आणि आबांना शेतात न्या. कोपर धरायला द्या, बांधावरून न्या, भेगाळलेल्या काळ्या रानातून नको.

बराच वेळ झाला तुम्हाला बसून. लगेच उठू नका. आहे तिथंच पावलं दहा वेळा वर-खाली करा... हां, मागच्या रांगेतले पण. आता पुढच्या खुर्चीच्या पाठीला एक हात लावून उभे राहा आणि वीस आकडे मोजा. चपला दाराबाहेर ढिगात आहेत, तिथं एका पायावर उभं राहून शोधू नका. बाहेर दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्यात, बसून घाला.